अठरा प्लस, म्हणजे नक्की काय?

'मावशी, व्हाइस सिटी टाकून दे ना!' परवा भाचा माझ्या लॅपटॉपला चिकटला. वय वर्षं अकरा. मी तोऱ्यात 'नाही' म्हटलं आणि मनात ओशाळले. २००२चा हा गेम मी त्याच्याच वयात गल्लीतल्या सायबर कॅफेत खेळलेय. अमेरिकेत त्याच्या डब्यावर १७ प्लसचा शिक्का होता. आमच्या कॉपी मारलेल्या सीडीला डबाच कुठे होता? चीट कोड टाकायचा, रणगाडा मागवायचा, दिसेल त्याला चिरडायचं आणि जेवायला घरी. काही म्हणजे काही वाटायचं नाही, बॉस!

वाटलं ते थेट गेल्या वर्षी. 'धिस वॉर ऑफ माइन' हा २०१४चा पोलिश गेम, साराएव्होच्या वेढ्यावरून सुचलेला. यात आपण सैनिक नसतो, अडकलेली साधी माणसं असतो. दिवसा घरात दडायचं, रात्री अन्न-औषधं शोधायची. एका घरात म्हातारा-म्हातारी होते. त्यांची औषधं मी उचलली. म्हातारा फक्त विनवत राहिला. परत आल्यावर माझं पात्र खचून बसलं आणि इकडे मला झोप येईना.

पोलंडने २०२०मध्ये हा गेम शाळांच्या वाचनयादीत घेत असल्याचं जाहीर केलं, तेही अठरा पूर्ण झालेल्यांसाठीच. गेममध्ये असलं कशाला, म्हणणाऱ्यांशी माझं इथेच भांडण आहे. सिनेमाला 'ए' सर्टिफिकेट चालतं ना?

भाच्याला मात्र क्रिकेटचा गेम टाकून दिलाय. गाल फुगवून खेळतोय.

'तू कितवीत खेळलीस?' त्याने विचारलंच. किचनमध्ये ताईचे कान टवकारलेले.