फवारणी कधी करायची नाही?

मामेबहीण राहुरीच्या कृषी विद्यापीठात एमएस्सी करतेय, कीटकशास्त्रात. ‘म्हणजे पेस्ट कंट्रोल?’ आमची गँग खिदळते. नाही हो! तिचा बराचसा अभ्यास फवारणी कधी करायची नाही, याचा आहे. कपाशीत कामगंध सापळे लावायचे, गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजायचे. दर सापळ्यात सलग ३ रात्री ८ पतंग आले किंवा ५ ते १० टक्के फुलं-बोंडं किडकी निघाली, तर औषध. त्याआधी थांबायचं. बोअर? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ही मोजणी बांधावर जाऊन शिकवणारं कुणीतरी हवंच ना? घरचे मात्र तिला विचारतात, ‘एमपीएससीला कधी बसतेस?’