बोटीवरची पहिली पंगत

आमच्या मातोश्रींची पंचाहत्तरी आम्ही सहकुटुंब कॅरिबियन समुद्रात, सात दिवसांच्या क्रूझवर साजरी केली, ही वार्ता मंडळाच्या सभासदांत पसरली तेव्हा अभिनंदनापेक्षा पृच्छाच अधिक झाली. आणि त्या पृच्छेच्या बुडाशी एक सौम्य परंतु स्पष्ट ठपका होता. जी बाई जन्मभर पिंपळगाव रेणुकाईच्या वेशीबाहेर फारशी पडली नाही, तिला जुगारखाना आणि नाचघर असलेल्या तरंगत्या हॉटेलात नेऊन बसवण्यापेक्षा तोच पैसा गावी खर्चून, देवीच्या देवळापुढे गावजेवण घातले असते, तर ते अधिक शोभले नसते काय? प्रश्न रास्त आहे. परंतु तो विचारणाऱ्यांत एकही स्त्री नव्हती, हे मला नमूद केले पाहिजे.

मुळात वाढदिवस कोणता, याचाच निकाल आधी लावू. भोकरदन तालुक्यात माझ्या आईच्या पिढीला जन्मतारीख नसते, जन्माची आठवण असते. माय नागपंचमीला जन्मली, आणि सप्टेंबर 1948 मध्ये हिंदी फौजा निजामाच्या मुलखात शिरल्या तेव्हा आजीचा बाळंतपणाचा सव्वा महिना नुकता कोठे पुरा होत आला होता, एवढा पुरावा घरच्या दप्तरी पुरेसा समजला जाई. पुढे शाळेत नाव घालण्याचा प्रसंग आला तेव्हा, महाराष्ट्रातील असंख्य खेडूत मुलांची जी सोय गुरुजी मंडळींनी केली, तीच तिचीही झाली: दाखल-खारीज रजिस्टरात 1 जून ही तारीख पडली. शाळा उघडण्याचा महिना तो. वयाचा हिशेब सोपा जातो. पासपोर्टाच्या कचेरीने तीच तारीख निमूटपणे रुजू करून घेतली, आणि त्या आधारे 1 जून 2023 हा दिवस आम्ही मुक्रर केला. अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांच्या हंगामाचा सरकारी आरंभही 1 जूनलाच होतो. वादळे आणि माय, दोघांच्याही कागदावर एकच तारीख, आणि दोघांनीही त्या कागदाची पत्रास कधी बाळगली नाही.

आता गावजेवणाविषयी. गावजेवण घालावे असे म्हणणारा गृहस्थ ते रांधणार कोण, हे सहसा सांगत नाही. जिचा सन्मान करावयाचा, ती पहाटे चारला उठून चूल पेटवणार, हरभऱ्याची डाळ शिजत घालणार, येळवणी बाजूला काढणार, पुरण वाटणार. मग पहिली पंगत पाहुण्यांची, दुसरी घरच्या पुरुषांची आणि पोराबाळांची, तिसरी गड्यामाणसांची, आणि सर्वांच्या मागून, आमटी तळाला गेल्यावर आणि भाताची खरपुडी तेवढी उरल्यावर, बायकांची. आचारी सांगितला तरी फरक पडत नाही, कारण आचाऱ्यावर नजर ठेवावयास तीच उभी राहते. माझ्या पन्नास वर्षांच्या आठवणीत माय पहिल्या पंगतीला बसल्याचा एकही प्रसंग नाही. लग्नात नाही, बारशात नाही, वडिलांच्या षष्ट्यब्दीत तर नाहीच नाही. तेव्हा होमाच्या पाटावरून उठून ती थेट स्वयंपाकघरात गेली होती. अमृतमहोत्सवही त्याच रीतीने झाला असता, तर आम्ही तिच्या पंचाहत्तरीनिमित्त तिच्याकडून आणखी एक दिवस वेठबिगार करून घेतली, एवढाच त्याचा अर्थ झाला असता.

बरे, परदेशी वा शहरी मुलांच्या घरी साजरा करावा, तरी तीच गत. भाऊ पुण्यात, बहीण मस्कतला, मी न्यू जर्सीत. ज्याच्या घरी जमावे त्याच्या घरची बाई आठ दिवस राबणार, आणि माय तिच्या मदतीला उभी राहणार. बोटीवर यजमानच नाही. पहिल्या पहाटे माय नेहमीच्या वेळी जागी झाली, लुगडे सावरून बसली, आणि मी उठेपर्यंत तशीच बसून राहिली. "चहा कुठं ठेवू रे?" हा तिचा पहिला प्रश्न. चहा वर मिळतो म्हणताच, "अन् मग मी काहून उठले?" हा दुसरा. दुसऱ्या दिवशीही तिला करमले नाही. भोजनगृहातील उष्ट्या बशा तिने एकावर एक रचून ठेवल्या. तिसऱ्या दिवशी मात्र मी डेकवर गेलो तेव्हा ती आणि बहीण दोन आरामखुर्च्यांत पाय पसरून बोलत बसल्या होत्या, आणि दुपारच्या जेवणापर्यंत तेथून हलल्या नाहीत. काय बोलल्या, ते मला कोणी सांगितले नाही. बहिणीच्या लग्नाला तेव्हा चोवीस वर्षे झाली होती, आणि एवढा वेळ त्या दोघींना हातात काही काम नसताना सलग कधी मिळाला नव्हता, असे बहीण म्हणाली. या एका सकाळीसाठी मी बोटीवरचे गाणेबजावणे, कर्ण्यावरच्या घोषणा आणि चोवीस तास चालणारे अन्नाचे निर्लज्ज प्रदर्शन, हे सारे माफ करावयास तयार आहे.

औक्षणाची मात्र पंचाईत झाली. बोटीवर आगीचे भय सर्वांत मोठे. त्यामुळे मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन, कोणतीही उघडी ज्योत तेथे मना आहे. बहिणीने तबकात कुंकू, सुपारी, सोन्याची अंगठी आणि बिनपेटवलेली फुलवात घेऊन ओवाळले. तरीही आपल्या परंपरानिष्ठ मित्रांना एक समाधान खुशाल मानता येईल: वाढदिवसाला दिवा विझवणे अशुभ, हा त्यांचा केकवरील जुना आक्षेप त्या दिवशी बोटीच्या नियमांनीच निकालात काढला, कारण केकवरही मेणबत्ती नव्हती.

"आपल्या मातीचा त्या समुद्राशी काय संबंध?" असेही एकाने विचारले. संबंध आहे, आणि तो तिखट आहे. पिंपळगाव रेणुकाईचे नाव बाहेरच्या मुलखात कोणाला ठाऊक असेल, तर ते हिरव्या मिरचीच्या बाजारामुळे. ही मिरची आपली नव्हे. मिऱ्याच्या शोधात निघालेल्या कोलंबसाने जानेवारी 1493 मध्ये हिस्पॅनिओला बेटावर असताना तेथील लोकांच्या 'आही' नामक तिखटाची नोंद केली, आणि तिच्यावाचून त्यांचे जेवण होत नाही असे लिहून ठेवले. पुढच्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागली, आणि मिऱ्याच्या नावावरूनच मिरची झाली. उलट दिशेचा व्यवहार त्याहूनही पुरातन आहे. आमच्या तालुक्याचे ठाणे जे भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, तेथील उत्खननात मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेईच्या राखेत सापडलेल्या मूर्तीशी साम्य दाखवते. जमैकातील फाल्मथ बंदरावर उतरल्यावर मायने बाजारात स्कॉच बॉनेट नावाची चेपलेल्या टोपीसारखी मिरची हातात घेतली, देठाशी हुंगली, आणि बी नेता येईल काय म्हणून विचारले. परक्या देशाचे बियाणे परवान्यावाचून नेता येत नाही, असे मी सांगताच ती म्हणाली, "आपली आली तव्हा कोणी परवाना इचारला व्हता?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

दुसऱ्या एका आक्षेपाला मात्र माझ्यापाशी अर्धेच उत्तर आहे, आणि तो आक्षेप कोणी घेतला नाही म्हणून मीच घेतो. बोटीवर श्रम नाहीसे होत नाहीत, ते केवळ दुसऱ्याच्या अंगावर जातात. आमच्या टेबलावर वाढणारा तरुण वसईकडचा होता. आठ महिन्यांचा करार. मुलीचा दुसरा वाढदिवस त्याने फोनच्या पडद्यावर पाहिला, आणि मायच्या केकभोवती टाळ्या वाजवून गाणाऱ्या चमूत तो पुढे होता. याच जमैकात 10 मे 1845 रोजी हिंदुस्थानातून पहिले गिरमिटिये उसाच्या मळ्यांसाठी उतरले, हे मला ठाऊक असल्यामुळे त्याच्या हातचे वाढून घेताना घास सहज उतरत नव्हता. त्याची स्थिती गिरमिटियाची नव्हे, हे खरे: त्याच्या श्रमाला वेतन आहे, कराराला मुदत आहे, आणि मायच्या श्रमाला आयुष्यभर या दोहोंपैकी काहीच नव्हते. तेवढ्यावर मी आपली बाजू मांडतो. ती निष्कलंक आहे असे म्हणत नाही. बोटीच्या धुराड्यातून निघणाऱ्या धुराविषयी तर मी मौनच पत्करतो. मायने मात्र शेवटच्या रात्री त्याला जवळ बोलावून, "तू कव्हा जेवतो रे?" असे विचारले. सगळ्यांचे झाल्यावर, असे त्याने सांगितले. मायने मान हलवली आणि घरून आणलेली शेंगदाण्याच्या चटणीची पुडी त्याच्या खिशात घातली.

त्या वर्षी श्रावण अधिक आला, त्यामुळे खरी नागपंचमी लांबून 21 ऑगस्टला पडली. तोवर माय गावी परतली होती. तिच्या तिथीचा वाढदिवस म्हणून मी येथून फोन लावला, तेव्हा तिकडे दुपारचे अडीच वाजले होते. भावकीतली तीस-पस्तीस माणसे जेवायला होती, पुरणाची दिंडे पहाटेपासून उकडणे चालले होते. जेवलीस का, असे विचारले. "बसते आता," ती म्हणाली, "गडीमाणसांची पंगत उठली की."