दादीचे ऐंशी गुंठे

येत्या रमजानमध्ये आमच्या दादीला जाऊन वर्ष होईल. अल्लाह तिची मगफिरत करो. या महिन्यात दुसऱ्याच विषयावर लिहायचे ठरवले होते. पण उमापूरहून चाचांचा फोन आला, "फुफ्यांच्या सह्या घ्यायच्यात, तुम्ही या." मग दुसरे काही सुचेना.

दादी शाळेत गेलेली नव्हती. मात्र घरातले पेरणीचे बी कायम तिच्याच ताब्यात असे. ज्वारीची टपोरी कणसे ती खळ्यावरच बाजूला काढायची. दाण्यांत राख आणि कडुनिंबाचा पाला मिसळून ते कणगीत भरायची, आणि कणगीचे तोंड शेणामातीने लिंपून टाकायची. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जात होती. पोरांना सुकडी मिळायची आणि घरी रेशनच्या मिलोची भाकरी असायची, जी थापता थापताच तुटायची. कणगीत तेव्हाही बियाण्याची ज्वारी होती. अब्बा सांगतात, धाकटी फुफी भुकेने रडत होती म्हणून दादाजान कणगी फोडायला उठले, तर दादी आडवी उभी राहिली. "आज खाल्लं तर पाऊस आल्यावर काय पेराल?" पुढे पाऊस आला तेव्हा आमच्याकडे घरचे बी होते. शेजारच्या दोन घरांनाही तिने त्यातूनच दिले. आम्ही ही गोष्ट कौतुकाने सांगत असू, पण दादीला ती आवडत नसे. पोरगी रडत होती, एवढेच तिला आठवायचे.

दसरा-दिवाळी झाली की गावातली माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला निघत. जाताना घराच्या किल्ल्या दादीकडे ठेवत आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना तिच्या हवाली करत. "चाची, लक्ष असू द्या." ती दोन भाकरी जास्तीच्या थापायची.

एवढे करूनही सातबाऱ्यावर तिचे नाव नव्हते. १९९२ साली सरकारने लक्ष्मी मुक्ती योजना आणली. पतीच्या बरोबरीने पत्नीचे नाव जमिनीवर लावता येत होते. दादाजान हसून म्हणाले, "घरच तिचं आहे, कागद कशाला?"

ते गेले तेव्हा जमीन सोळा एकर होती. अब्बा, चाचा आणि तीन फुफ्या असे पाच वारस, शिवाय दादी. फुफ्यांनी हक्कसोड करून द्यावी असे ठरले. तो कागद आमच्या अब्बांनीच करून आणला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. फुफ्याही तयार होत्या. सही नाही केली तर माहेर तुटेल, ही भीती कोणत्या लेकीला नसते?

दादीने कागद वाचून घ्यायला लावला. मग पहिल्यांदाच तिने आपल्या माहेरची गोष्ट सांगितली. तिनेही भावासाठी अंगठा दिला होता. भाऊ होता तोवर दर ईदला साडी यायची. भाऊ गेला, साडी थांबली आणि पुढे बोलावणेही थांबले. "साडी त्याची होती, जमीन माझी होती," एवढेच ती म्हणाली आणि कागद घडी घालून चुलीजवळ ठेवला. तो नंतर कुणाला दिसला नाही.

१९३७ च्या शरियत कायद्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमीन वगळली आहे. चाचांनी ते कुठूनतरी ऐकले होते. पण सूरह निसाच्या अकराव्या आणि बाराव्या आयतींत शेतजमीन वगळलेली नाही. दादीचा आठवा हिस्सा दोन एकर. उरलेल्या चौदा एकरांचे सात भाग झाले. भावांना चार-चार एकर, बहिणींना दोन-दोन. चाचा एक पावसाळाभर दादीशी बोलले नाहीत. ताट तिने वाढले तर उठून जायचे. तिने वाढणे सोडले नाही.

जमीन चाचाच कसत राहिले. कापूस विकला की बहिणींचा वाटा पोहोचता व्हायचा, कधी कुरकुरत. मधल्या फुफीचे यजमान गेले तेव्हा सासरच्यांनी तिला आधार दिला नाही. ती दोन लेकरे घेऊन उमापूरला आली, पण भावांच्या दारात नाही. स्वतःच्या दोन एकरांवर पत्र्याची खोली बांधून राहिली. तिची पोरे आज कमावती आहेत.

आता दादीचे ते दोन एकर, म्हणजे ऐंशी गुंठे, वाटायचे आहेत. बहिणींना प्रत्येकी अकरा गुंठ्यांहून थोडे अधिक येतात. चाचा म्हणतात, एवढ्याशा तुकड्यात काय पेरणार? धाकटी फुफीही म्हणते, जाऊ द्या, करते सही. जिला भुकेली ठेवून बी राखले होते, तीच ही फुफी.

तुकडे पाडायची गरज नाही, नावे सामाईक लागतात, असे आम्ही चाचांना समजावले. वाटा थोडा असला तरी तो ठरवून दिलेला आहे, हे त्याच सूरहच्या सातव्या आयतीत आहे, तेही दाखवले. वारस नोंदीचा अर्ज रात्री आम्हीच लिहिला. यावेळी अब्बा शेजारी बसून नावे सांगत होते. पाच नावे झाली. सकाळी चाचांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढून ठेवला आणि विचारले, "तलाठी किती वाजता येतो?"