दिवाणखान्यातील रंगभूमी

सोय ही आजच्या गृहस्थाश्रमाची कुलदेवता होऊन बसली आहे. जाते गेले, आड गेला, चूल गेली. त्याबद्दल कोणी उसासे टाकावेत असे आम्ही म्हणणार नाही, कारण त्या कष्टांखाली कोण पिचत होते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्या गोष्टीत कष्ट हाच आनंदाचा अर्धा भाग असतो, तेथेही ही देवता आपला नैवेद्य मागू लागली की विचार करणे प्राप्त होते. सुशिक्षित कुटुंबांत सध्या एक नवा उत्सव रूढ होऊ पाहत आहे. शनिवारी रात्री इंटरनेटवरून एखादे नाटक घरी मागवावे, दिवाणखान्यातील मोठा पडदा लावावा, चहा-चिवड्याची सिद्धता करावी, आणि आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांनी मिळून ‘सहकुटुंब नाट्यरात्र’ साजरी करावी! मुंबईकरांनी किंवा परदेशस्थ मंडळींनी हे केले तर आम्हांस फारसे बोलावयाचे नाही. पण चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील वकील, डॉक्टर आणि प्राध्यापक हेच करून ‘अखेर आमच्याकडेही नाटक पोहोचले’ असे समाधान मानू लागले, तर त्या समाधानाची परीक्षा केलीच पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. घरबसल्या नाटक अनुभवण्याची इच्छा आजची नाही आणि ती पापही नाही. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत्-प्रदर्शनात क्लेमां आदेर याने नाट्यगृहातील गायन तारेवरून दूरच्या दालनातील श्रोत्यांस ऐकविले. १८९० पासून ‘थिएट्रोफोन’ या नावाने त्याचा रीतसर व्यवसाय सुरू झाला आणि वर्गणीदार आपल्या घरी कानाला नळ्या लावून ऑपेरा ऐकू लागले. प्रख्यात कादंबरीकार मार्सेल प्रूस्त हा त्यांपैकीच एक. आपल्याकडे १९४८ साली नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि वैदर्भीय कुटुंबे रेडिओभोवती बसून श्रुतिका ऐकू लागली. परंतु येथे एक भेद ध्यानात घ्यावा. नभोनाट्याने आपण रंगभूमीवरील नाटक आहो असा आव कधी आणला नाही. ते कानासाठीच लिहिले जाई. त्याचा कर्ता, त्याचे तंत्र, त्याचे यशापयश सर्व निराळे होते. आजचे पडद्यावरील नाटक मात्र मूळ प्रयोगाचे चित्र असून स्वतःस प्रयोग म्हणवून घेते. वादाचे मूळ तेथे आहे.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि जगभरची नाट्यगृहे ओस पडली. त्या वर्षीच्या २ एप्रिलपासून लंडनच्या नॅशनल थिएटरने आपल्या नाटकांची चित्रणे दर आठवड्यास विनामूल्य खुली केली. मराठीतही काही कल्पक मंडळींनी ‘नेटक’ नावाचा प्रकार याच काळात करून पाहिला. नट आपापल्या घरी आणि प्रेक्षक आपापल्या घरी, असा तो प्रयोग होता. त्या दिवसांत या साधनांनी फार मोठे काम केले. नटांचा धीर टिकविला, प्रेक्षकांची भूक जागी ठेवली. महाराष्ट्रात ५ नोव्हेंबर २०२० रोजी, म्हणजे नेमक्या रंगभूमी-दिनी, अर्ध्या आसनसंख्येने नाट्यगृहे उघडली, पुढील वर्षी ती पुन्हा मिटली आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली. ताप उतरला, पथ्य संपले. पण आमच्या सुशिक्षित रुग्णास पेजेची अशी गोडी लागली की तो पानावर येऊन बसावयास तयार नाही.

आता या उत्सवाच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे ऐकू. ते तीन मुद्दे मांडतात. एक, पुण्या-मुंबईची उत्तम नाटके जंगली जिल्ह्यांत एरवी कोठून येणार? दोन, घरी निवड आपल्या हाती राहते. मुलाबाळांच्या देखत मान खाली घालण्याचा प्रसंग येत नाही. तीन, सारे कुटुंब एकत्र बसते, आणि असे एकत्र बसणेच आज दुर्मिळ झाले आहे. तिन्ही मुद्दे सकृद्दर्शनी बिनतोड वाटतात. एकेकाचा समाचार घेऊ.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, ते आम्ही आधीच मान्य करतो. मुंबईच्या व्यावसायिक मंडळ्यांना वैनगंगेपर्यंतचा प्रवास परवडत नाही. परंतु यावरून हे जिल्हे नाटकास मुकलेले आहेत असे जो म्हणतो, त्याने आपल्या परसदारी कधी डोकावून पाहिलेले नाही. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया आणि भंडारा हा जो झाडीपट्टीचा मुलूख, तेथे धानाची कापणी झाली, दिवाळी-भाऊबीज आटोपली आणि मंडया भरू लागल्या की नाटकांचा हंगाम उभा राहतो व तो होळीपर्यंत चालतो. दंडार आणि खडी गंमत या जुन्या लोकप्रकारांच्या मांडीवर वाढलेली ही रंगभूमी आहे. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे तिचे मुख्य ठाणे; हंगामात तेथे नाट्यमंडळांच्या कचेऱ्या गजबजतात आणि गावोगावचे लोक नाटक ठरविण्यास येतात. रात्री जेवणे उरकल्यावर पडदा उघडतो आणि पहाटेच्या सुमारास पडतो. गाणी नट स्वतः गातात, साथीला वाद्ये समोर असतात. याच भूमीतील परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली. ब्रह्मपुरी तालुक्यातील पिंपळगावात जन्मलेले प्रेमानंद गज्वी २०१९ साली नागपूरच्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. ज्या मुलखात प्रेक्षक थंडीत घोंगडे पांघरून रात्रभर नाटकापुढे बसतो, त्या मुलखास इंटरनेटच्या तारेने नाटक ‘पोहोचविण्याची’ भाषा म्हणजे समुद्रास पाण्याचा हंडा भेट देण्यासारखे आहे. तेथे नाटक नाही हे म्हणणे खरे नव्हे. तेथील नाटक आम्ही पाहत नाही, हे म्हणणे खरे आहे.

आणि का पाहत नाही? येथे दुसरा मुद्दा पुढे येतो. झाडीपट्टीच्या नाटकांत मध्येच नाचगाणी घुसडतात, विनोद द्व्यर्थी असतात, कथानक रडके आणि भडक असते, मुलींना घेऊन कसे जावे? या तक्रारीत काहीच अर्थ नाही असे आम्ही म्हणत नाही. असे प्रकार घडतात आणि ते निंद्य आहेत. परंतु हा दोष कोणत्या वाटेने आत आला याचा विचार करा. कोणतीही रंगभूमी आपल्या समोर बसलेल्या माणसाचे तोंड पाहून बोलत असते. पुढील ओळीत लेकीसुनांसह शिक्षक, डॉक्टर आणि वकील बसलेले असले की विदूषकाची जीभ आपोआप आवरते. तेथे केवळ शिट्ट्या वाजविणारे उरले की तीच जीभ सैल सुटते. मराठी रंगभूमीचा इतिहासही हेच सांगतो. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. पुढे कित्येक वर्षे नाटकवाला म्हणजे उनाड, हाच प्रतिष्ठितांचा समज होता. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणल्यावर सुशिक्षितांची पावले नाटकगृहाकडे वळली. पुढे घरंदाज स्त्रिया येऊ लागल्या, इतक्या की बालगंधर्वांच्या लुगड्याची तऱ्हा घराघरांत उचलली गेली. नाटक सुधारले म्हणून सभ्य प्रेक्षक आला हे जितके खरे, तितकेच सभ्य प्रेक्षक आला म्हणून नाटक सुधारले हेही खरे. आमच्या सुशिक्षितांनी मात्र उलट क्रम पत्करला आहे. आधी रंगमंडप सोडून जावयाचे, मग तो बिघडला म्हणून बोटे मोडावयाची, आणि शेवटी त्या बिघाडाच्याच नावाने दिवाणखान्यात निर्मळ करमणुकीची आरास मांडावयाची! शेत टाकून परगावी गेलेल्या धन्याने तण माजल्याची तक्रार कोणाकडे करावी?

शिवाय ‘निवड आपल्या हाती’ या शब्दांतही एक खोच आहे. नको तो प्रसंग आला की पुढे सरकवावे, कंटाळा आला की थांबवावे, फोन वाजला की अर्ध्यावर ठेवावे. ज्या कलेचा प्राण एका अखंड रात्रीत आहे, तिचे असे तुकडे करणाऱ्या हातास निवड करणारा हात म्हणावे काय? चित्रण करणारा आधीच ठरवितो की या घटकेस नायिकेचा चेहरा दिसेल आणि कोपऱ्यात मुकाट उभा असलेला बाप दिसणार नाही. मंडपातील प्रेक्षक त्या बापाकडे पाहण्यास मोकळा असतो. आणि ‘वन्स मोअर’ कोणास द्यावयाचा? पडद्यावरील नटास आपले हसू ऐकू जात नाही, आपला हुंदका कळत नाही. आपल्यावाचूनही तो तसाच बोलणार असतो. ज्या प्रयोगास आपली गरज नाही, त्याचे आपण साक्षी असू, भागीदार नव्हे.

तिसरा मुद्दा कुटुंबाचा, आणि आमच्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा. घरातील चौघे एका पडद्यापुढे बसले ही गोष्ट चार पडद्यांपुढे चौघे बसण्यापेक्षा निःसंशय बरी. पण ‘सहकुटुंब’ या शब्दाचा अर्थ इतका आखूड केव्हापासून झाला? झाडीपट्टीत गावी नाटक ठरले की त्याची वर्दी सोयऱ्याधायऱ्यांस जाते. लेक-जावई येतात, व्याही येतात, शेजारच्या गावचे ओळखीचे येतात. ज्याच्या घरी चार माणसे त्याच्या घरी त्या दिवशी दहा-पंधरा पाने मांडली जातात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, असा जोड बेत कित्येक गावांत असतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या तेव्हा हा जोड तुटला. २०२१ च्या डिसेंबरात सशर्त परवानगी मिळाली आणि २०२३ साली त्याच न्यायालयाने राज्याचा कायदा वैध ठरविला. शर्यतीविषयी मतभेद असू शकतील. नाटकाच्या निमित्ताने दारे उघडण्याच्या रीतीविषयी असू नयेत. वर्षभर न भेटलेली माणसे त्या दिवशी भेटतात, उपवर मुलामुलींच्या गोष्टी निघतात, जुने अबोले मिटतात. पाहा, म्हणजे घरी नाट्यरात्रीचे यजमानपद करणे हा शोध इंटरनेटने लावलेला नाही. झाडीपट्टीतील शेतकऱ्याची बायको तो विधी केव्हापासून करीत आली आहे! फरक एवढाच की तिचे घर नाटकासाठी उघडते आणि आमचे घर नाटकासाठी बंद होते. तिच्या घरी नाटकाच्या निमित्ताने माणसे येतात. आमच्या घरी माणसे येऊ नयेत म्हणून नाटक येते.

यावर कोणी म्हणेल, ‘मग काय पडदा फोडून टाकावा?’ मुळीच नको. घरात अंथरुणास खिळलेली आजी आहे, तान्हे मूल आहे, हंगामाव्यतिरिक्तचे आठ महिने आहेत. त्या वेळी हे साधन अवश्य वापरावे. मात्र त्यास नाटकाची शिस्त लावावी. मोल देऊन, रीतसर मार्गाने आलेलेच नाटक पाहावे; चोरून टिपलेले प्रयोग पाहून नाट्यप्रेमाच्या गोष्टी करू नयेत. मुलांना दाखवावयाचे नाटक वडील मंडळींनी आधी पाहिलेले किंवा वाचलेले असावे. ‘सहकुटुंब’ अशा शिक्क्यावर विसंबू नये. वेळ ठरवावी आणि ती मोडू नये. दिवे मंद करावेत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावेत, अंक संपल्यावाचून उठू नये. चहा मध्यंतरातच द्यावा. आणि मुख्य म्हणजे दोन शेजारची घरे, एखादा एकटा राहणारा विद्यार्थी, कामास येणाऱ्या बाईंची मुले यांस बोलवावे. दहा माणसांत हसू निराळे येते, याचा अनुभव घ्यावा. नाटक संपल्यावर मुलांस मते विचारावीत, आणि दुसऱ्या दिवशी तीच मुले चादरीचा पडदा करून त्यातील प्रवेश करू लागली, तर तुमची नाट्यरात्र सफळ झाली असे समजावे.

परंतु या सर्वांचे मोल एका अटीवर आहे. हंगामात किमान एकदा तरी, थंडीची घोंगडी घेऊन, मुलाबाळांसह, वडशाच्या किंवा सिंदेवाहीच्या बाजूचे एखादे गाव गाठावे, तिकीट काढावे आणि पुढे बसावे. जे आवडले त्यास मोकळी दाद द्यावी. जे ओंगळ वाटले ते नाटक ठरविणाऱ्या गावमंडळास तोंडावर सांगावे. मंडळांनीही आपल्या जाहिरातीत खेळ कोणत्या जातीचा आहे ते प्रामाणिकपणे छापावे, म्हणजे कुटुंब घेऊन येणाऱ्याची फसगत होणार नाही. तोंडावर केलेली एक तक्रार दिवाणखान्यातील शंभर नाके मुरडण्याहून अधिक काम करील, कारण ती करणाऱ्याच्या हातात पुढील वर्षाचे तिकीट असते.

थिएट्रोफोनची तार १९३२ साली बंद पडली; पॅरिसची नाट्यगृहे त्यानंतरही उघडी राहिली, कारण तेथे जाणारी माणसे राहिली. आमच्या दिवाणखान्यातील पडदा दहा वर्षांनी कोणत्या रूपात असेल हे कोणी सांगू नये. पण झाडीपट्टीचा मंडप तेव्हा उभा असेल की नाही, हे मात्र आज आपण कोठे जाऊन बसतो यावरच ठरणार आहे.