नाशिक बघायचे तर गावठाणातून

मुंबईहून सकाळी निघालेली शिर्डीची वंदे भारत नऊच्या सुमारास नाशिकरोडला लागते आणि संध्याकाळी साडेसातच्या आसपास परतीला मिळते. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, तेव्हापासून गाडीनेही सकाळी येऊन रात्री घरी पोचणे सोपे झाले आहे. त्यामुळे एका दिवसासाठी येणारी जोडपी शनिवार-रविवारी शहरात सर्रास दिसतात. त्यांचा दिवसही जवळजवळ ठरलेला असतो. आधी शहराबाहेर, जिथे गाडी लावायला मोकळी जागा आणि बसायला बाज आहे अशा ठिकाणी चुलीवरची मिसळ. मग पंचवटीत तासाभरात काळाराम, सीतागुंफा आणि रामकुंड. दुपारनंतर गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळा, वाइनचे दोन घोट आणि सूर्यास्त. वेळ उरलाच तर पांडवलेणी, म्हणजे बहुधा नाहीच. हा दिवस वाईट जातो असे कोणी म्हणणार नाही. पण त्यात खाणे एका टोकाला, पाहणे दुसऱ्या टोकाला, आणि मधले दहा-बारा किलोमीटर गाडीच्या काचेतून. ज्या जुन्या नाशकात या दोन्ही गोष्टी एकाच गल्लीत सापडतात, ते गावठाण या बेतातून अख्खे वगळले जाते. याचा दोष पाहुण्यांना देण्यात अर्थ नाही. तो या शहराच्या नियोजनाचा आहे.

हेच जोडपे मलेशियातल्या पेनांगला जाते तेव्हा कसे वागते ते बघा. भारतीयांना तिथे व्हिसा लागेनासा झाल्यापासून आपल्याकडची मंडळी बरीच जाऊ लागली आहेत. जॉर्जटाउनच्या अरुंद गल्ल्यांत ती उन्हातान्हात पाच-सहा तास आनंदाने चालतात. एका हातगाडीवर नूडल्स खातात, चार पावलांवर चिनी कुळाचे सभागृह बघतात, पुढच्या कोपऱ्यावर तमिळ माणसाकडे चहा पितात. 2008 मध्ये युनेस्कोने मलाक्कासह जॉर्जटाउनला जागतिक वारसा ठरवले ते काही एकट्यादुकट्या भव्य वास्तूसाठी नव्हे. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी घरे, त्यांतले धंदे, वेगवेगळ्या धर्मांची शेजारी शेजारी असलेली देवळे आणि मशिदी असा सगळा विणलेला पट त्यांनी मोलाचा मानला. सिंगापूरने वेगळी वाट धरली. तिथे फेरीवाल्यांना रस्त्यावरून उठवून नळ, मोरी आणि बसायची सोय असलेल्या केंद्रांत हलवले. आज अशी शंभराहून अधिक केंद्रे आहेत आणि 2020 मध्ये त्या खाद्यसंस्कृतीची नोंद युनेस्कोच्या यादीत झाली. दोन्ही शहरांनी एक गोष्ट ओळखली होती: रस्त्यावरचे खाणे हा बघण्यासारख्या गोष्टींचाच भाग आहे आणि त्याची सोय लावणे हे नगरपालिकेचे काम आहे.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहू. पंचवटी कारंजापासून सुरुवात केली तर काळारामाचे देऊळ हाकेच्या अंतरावर. सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या या मंदिरापुढे 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षे चालला. काळ्या दगडाचे कौतुक करून बाहेर पडणाऱ्यांपैकी किती जणांना हे कोणी सांगते? तिथून उताराने गंगेवर यावे. नदीचे नाव गोदावरी खरे, पण नाशिककर गंगाच म्हणतो. वाटेत नंदी नसलेला कपालेश्वर, पात्रात दुतोंड्या मारुती, ज्याच्या कंबरेला किंवा गळ्याला पाणी लागले की शहराला पुराचा अंदाज येतो. जवळच नारोशंकराची घंटा. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतल्यानंतर आणलेली ही पोर्तुगीज घंटा एका शिवमंदिरावर टांगलेली आहे, आणि जगात कुठेही असती तर तिच्याभोवती रांग लागली असती. होळकर पूल ओलांडला की 1756 चे सुंदरनारायण. तिथून पुढे मात्र पाहुण्यांची वर्दळ संपते आणि खरा मजकूर सुरू होतो: रविवार कारंजा, सराफ बाजार, पेशवाईतला सरकारवाडा, तांब्यापितळेचा भांडी बाजार, सावरकरांच्या अभिनव भारताची तिळभांडेश्वर गल्ली. ज्या विजयानंद नाट्यगृहात 21 डिसेंबर 1909 च्या रात्री ‘शारदा’चा प्रयोग चालू असताना अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेही याच गावठाणातले. आणि याच पेठांमध्ये सायंताराचा साबुदाणा वडा, बुधा हलवाईची जिलेबी, भगवंतरावांची मिसळ, तळलेल्या कांद्याचा नाशिकचा चिवडा. काळ्या मसाल्याच्या रश्श्यावर पापड चुरून खायची ही मिसळ गावातली आहे. द्राक्षाच्या मांडवाखाली ती नंतर गेली, मोटारींच्या मागोमाग.

तीर्थ आणि बाजार यांची ही सांगड आजची नाही. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. भिक्षुसंघाला लेणे देताना त्याने तीन हजार कार्षापण दिले, पण ते संघाच्या हाती ठेवले नाहीत. गोवर्धनातल्या, म्हणजे इथल्याच, कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ते कायम ठेव म्हणून गुंतवले: दोन हजार महिना एक टक्क्याने आणि एक हजार पाऊण टक्क्याने. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते, आणि त्यातून वर्षावासाला राहिलेल्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळायचे. उरलेल्या हजाराचे व्याज त्यांच्या इतर गरजांसाठी. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवून नोंदला गेला. डोंगरावरचा धर्म गावातल्या मागावर चालत होता, असा हा हिशेब अठराशे वर्षांहून अधिक काळ दगडात कोरलेला आहे. पुढे यात्रेकरूंची व्यवस्थाही तशीच राहिली. यजमान तीर्थोपाध्यायाच्या वाड्यात उतरायचा, तिथेच जेवायचा, वहीत आपल्या घराण्याची नोंद करायचा आणि जाताना भांडी बाजारातून गडू घेऊन जायचा. दर्शन, जेवण आणि खरेदी यांची फारकत मोटारीने आणि बाह्यवळण रस्त्यांनी केली.

यावर पहिला आक्षेप स्वच्छतेचा येईल, आणि तो खरा आहे. गावठाणात पायी हिंडणाऱ्या बाईला स्वच्छ स्वच्छतागृह शोधावे लागते, हात धुवायला नळ नाही, गटारीवर फळी टाकून गाडी उभी असते. पण याचा निष्कर्ष गाड्या हटवा असा निघत नाही. नळ आणि मोरी देण्याचे काम विक्रेत्याचे नाही. केंद्राच्या आरोग्य खात्याने 2023 मध्ये देशभरात शंभर खाऊगल्ल्या विकसित करण्यासाठी प्रत्येकी एक कोटीची योजना आणली ती याच विचाराने. दुसरा आक्षेप गर्दीचा. मेन रोडवर आधीच पाय ठेवायला जागा नाही, त्यात पर्यटक कुठे घालता? इथे कोंडी करतात ती वाहने. दोन पायांचा माणूस दुचाकीच्या निम्मी जागाही अडवत नाही. गावठाणाच्या कडेला वाहनतळ आणि आत ठरावीक वेळी फक्त पादचारी, एवढे केले तर दुकानदाराचे गिऱ्हाईक वाढेल. म्हाताऱ्या माणसांसाठी छोट्या विजेच्या गाड्या आहेतच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. पर्यटन आले की वाड्यांचे कॅफे होतात आणि राहणारा माणूस बाहेर फेकला जातो. जॉर्जटाउनमध्ये 2000 साली भाडेनियंत्रण उठले, भाडी चढली आणि जुनी कुटुंबे निघून गेली. वारशाचा शिक्का नंतर आला, तोवर बरीच घरे रिकामी झाली होती. म्हणून तिथले सगळे उचलावे असे मी म्हणत नाही. पण नाशकातले वाडे पर्यटनाशिवायही पडतच आहेत, दर पावसाळ्यात एखादी भिंत कोसळल्याची बातमी येते. काहीच न करणे हा वाडा वाचवण्याचा मार्ग नव्हे. राहिला द्राक्षमळ्यांचा प्रश्न. 1999 नंतर वाइनच्या धंद्याने शेतकऱ्याच्या द्राक्षाला नवे गिऱ्हाईक दिले, शहराला नवी ओळख दिली, त्याबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही. संध्याकाळ तिकडे जरूर जावी. फक्त दुपार गावाला मिळावी.

हे करण्यासाठी नवा कायदा लागत नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात स्पष्ट तरतूद आहे की पन्नास वर्षांहून अधिक काळ जिथे पथविक्रेते धंदा करत आहेत, तो नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. भद्रकाली, दहीपूल आणि सराफ बाजाराच्या परिसराला ही कसोटी लावून पाहायला काय हरकत आहे? उलट सध्याचा ओघ वेगळा दिसतो. पंचवटीतल्या रामकाल पथासाठी केंद्राने 2024 मध्ये सुमारे 99 कोटी मंजूर केले. काम चांगले झाले तर आनंदच आहे, पण तो पथ नदीच्या एकाच काठाचा विचार करतो. सिंहस्थाच्या निमित्ताने रस्ते रुंद होतील, घाट लांबतील, आणि रुंदीकरणात सर्वांत आधी बळी जातो तो वडेवाला. मुख्य पर्वण्या ऑगस्ट आणि सप्टेंबर 2027 मध्ये आहेत. महापालिकेच्या पथविक्रेता समितीने त्याआधी गावठाणातल्या जुन्या खाद्यविक्रेत्यांची नोंद करून वारसा बाजाराचा ठराव करावा, आणि रामकाल पथाच्या नकाशावर होळकर पुलापलीकडची पायवाट जोडून घ्यावी. नाशिककरांनीही आपल्या परीने एक करावे. पुढच्या रविवारी पाहुणे आले की गाडी गंगापूर रोडला न वळवता त्यांना पंचवटी कारंजावरून चालत सराफ बाजारात न्यावे, आणि वडा तिथेच खाऊ घालावा.