वाचकांचा कौल : खेळांचीं आणि छंदांचीं पुस्तकें

मागील अंकांत आम्हीं वाचकांस एक प्रश्न विचारिला होता : खेळ, छंद किंवा घराबाहेरची भटकंती या विषयांवरील कोणतें पुस्तक आपल्या घरांत खरोखर उपयोगीं पडलें, आणि कोणतें नुसतें कपाटांत राहिलें? कादंबरी आवडली नाहीं तर फार तर एक दुपार वायां जाते. खेळाचें पुस्तक चुकलें तर डाव मोडतो. आणि भटकंतीचें पुस्तक चुकलें तर काय होतें, तें या लेखाच्या शेवटीं दिलेल्या पत्रावरून कळेल. तें पत्र आमच्याविरुद्ध आहे. त्यास पुरेशी जागा मिळावी म्हणूनच तें शेवटीं ठेविलें आहे. पत्रलेखकांचीं नांवें त्यांच्या इच्छेवरून गाळलीं आहेत.

पहिलें पत्र पुण्याच्या एका गृहस्थांचें. त्यांच्या घरीं तीन भावांचीं मिळून नऊ मुलें. वडिलांच्या संग्रहांत बडोद्याच्या द. चिं. मुजुमदार यांनीं संपादिलेल्या व्यायामज्ञानकोशाचे खंड होते. १९३६ पासून १९४९ पर्यंत दहा खंडांत पुऱ्या झालेल्या या ग्रंथाविषयीं ते लिहितात, "सुटींत मुलें हातांतील यंत्रांत डोकें घालून बसलेलीं पाहून एक खंड खालीं काढला. मुलांना वाटलें, आतां व्याख्यान! परंतु आंत खेळांचे नियम निघाले, आणि संध्याकाळीं सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेंत खोखो उभा राहिला. भांडण लागलें तें मापांवरून. थोरल्या पुतण्याचें म्हणणें, हीं मापें जुनीं. आजचा खेळ या मापांनीं होत नाहीं. आतां जुनें पुस्तक ठेवावें कीं रद्दींत घालावें?"

ठेवावें, असा आमचा कौल आहे. आठ गडी आळीपाळीनें विरुद्ध दिशांस तोंडें करून बसावयाचे, नवव्यानें पाठलाग करावयाचा. पाठलाग करणाऱ्यास मधली पट्टी ओलांडतां येत नाहीं, व एकदां धरलेली दिशा सोडून मागें वळतां येत नाहीं. म्हणून बसलेल्याच्या पाठीमागून "खो" देऊनच डाव पुढें न्यावयाचा. या खेळाचा सारा कस या बंधनांत आहे, आणि तो त्या ग्रंथाच्या काळापासून आजवर तोच आहे. मापें व वेळा मात्र प्रत्येक पिढीनें बदलल्या. १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें नियम बांधावयास घेतले, आणि जानेवारी १९२५ नव्हे, २०२५ मध्यें दिल्लीस पहिली विश्वचषक स्पर्धा होऊन भारताच्या पुरुषांनीं व स्त्रियांनीं दोन्ही चषक जिंकले! एवढ्या प्रवासांत मापें बदललीं यांत नवल तें काय? खेळाचें मर्म जुन्या ग्रंथावरून समजून घ्यावें, आणि स्पर्धेस जावयाचें झाल्यास चालू नियमपुस्तिका पाहावी. पुतण्याचेंही खरें, आणि आजोबांच्या पुस्तकाचेंही खरें.

दुसरें पत्र सांगलीच्या एका निवृत्त शिक्षकांचें. वय ऐंशीच्या पुढें, अक्षर मात्र मोत्यासारखें. ते लिहितात, "माझी नात पुस्तकावरून बुद्धिबळ शिकते. परवां डाव रंगांत असतां मीं राजा घोड्याच्या चालीनें एक वेळ काढला, तों ती म्हणाली, 'आजोबा, हा लबाडपणा!' सत्तर वर्षें खेळलेल्या माणसास हें ऐकावें लागलें. बाजारांतील एकाही पुस्तकांत आमच्या देशी खेळाचा उल्लेख नसावा काय?"

गुरुजींचा संताप समजण्यासारखा आहे. आपल्याकडे घरोघर चालत आलेल्या देशी पद्धतींत प्यादें पहिल्या खेळीसही एकच घर चाले. राजास शह बसण्यापूर्वीं एकदां घोड्याची चाल मिळे. प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला तर तो "बुर्ज" होऊन पुरी जीत मानीत नसत. आणि प्याद्यानें मात केली तर तिचा मान मोठा. प्रांतोप्रांतीं यांत फरकही असत. या दोन पद्धतींचा सांधा जोडण्याचा प्रयत्न नवा नाहीं. १८१४ सालीं, म्हणजे पेशवाई अद्याप उभी असतां, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचें बुद्धिबळावरील इंग्रजी पुस्तक मुंबईंत छापलें गेलें. आणि त्यांतील डाव युरोपीय पद्धतीस जुळवून घेतलेले आहेत, असें त्याच्या नांवांतच म्हटलें होतें. याचा अर्थ, दोनशें वर्षांपूर्वींच्या शास्त्र्यांसही आपल्या नातीएवढीच अडचण पडली होती, आणि त्यांनीं ती न रागावतां सोडविली.

नातीच्या बाजूनेंही एक शब्द. नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें जुलै २०२५ मध्यें बाटुमी येथें स्त्रियांचा विश्वचषक जिंकला व ग्रँडमास्टर ही पदवी मिळविली; ती जगाच्या नियमांनीं खेळूनच. जिला पटावर पुढें जावयाचें आहे तिनें तेच नियम शिकले पाहिजेत. परंतु पत्राच्या शेवटीं गुरुजींनीं स्वतःच तोडगा लिहिला आहे : सोमवार ते शनिवार नातीचे नियम, रविवारीं आजोबांचे. "गेल्या रविवारीं तिनें मला प्यादेमात केली," असें ते लिहितात, आणि त्या ओळींत संताप कोठें दिसत नाहीं. देशी नियमांचें एखादें छोटें, स्वच्छ पुस्तक मराठींत कोणीं लिहिल्यास आमच्या सदरांत त्याचें स्वागत होईल. लिहावयाचें तर लवकर लिहावें. सांगणारीं माणसें ऐंशीच्या पुढचीं आहेत.

तिसरें पत्र नाशिकच्या एका भगिनींचें. त्यांच्या सासूबाई पडल्या, मांडीचें हाड मोडलें, आणि खिडकीजवळच्या पलंगावर महिनोन्‌महिने पडून राहण्याची पाळी आली. "पोथी नको, दूरदर्शन नको, कोणाशीं बोलणें नको, अशी स्थिति झाली," असें त्या लिहितात. मुलाला शाळेंत बक्षीस मिळालेलें सालीम अली यांचें भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक त्यांनीं सहज उशाशीं ठेविलें. सासूबाईंना इंग्रजी येत नाहीं, चित्रें येतात! आंब्यावरील एका मोठ्या काळ्या, तांबूस पंखांच्या पक्ष्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, "हा कुंभारकावळा." सूनबाई म्हणाल्या, "नाहीं, हा भारद्वाज." येथून जो वाद सुरू झाला तो अद्याप चालू आहे. मुलानें मग मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश वाचनालयांतून आणला, आणि त्यांत एकेका पक्ष्याचीं अनेक नांवें पाहून दोघींचा जय झाला. आतां सासूबाई वहींत रोज लिहितात : सकाळीं दयाळ, दुपारीं तांबट, संध्याकाळीं कोतवाल.

सालीम अलींचें पुस्तक १९४१ सालीं प्रथम निघालें. त्याचें यश आमच्या मतें एका साध्या युक्तींत आहे. पक्षी केवढा, हें ते बहुधा माणसाच्या ओळखीच्या पक्ष्यावरून सांगतात : चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीहून मोठा. ज्याला चिमणी आणि कावळा ठाऊक आहे त्याला हें पुस्तक उघडण्याचा अधिकार पोहोंचतो. चितमपल्ली जून २०२५ मध्यें निवर्तले. त्यांनीं मराठींत हेंच दार दुसऱ्या बाजूनें उघडलें. रानांत हिंडणाऱ्या माणसांच्या तोंडचीं नांवें त्यांनीं पंडितांच्या नांवांशेजारीं मानानें बसविलीं. छंदाच्या पुस्तकाची आमची कसोटी हीच : वाचकास आधींच जें ठाऊक आहे त्याचा तें मान राखतें काय?

चौथें पत्र लहान आहे. एका आजीबाईंची तक्रार अशी कीं, मुलींच्या जुन्या खेळांवरील पुस्तकांत फुगडी, झिम्मा, पिंगा, सागरगोटे अशीं नांवांची लांबलचक यादी असते. पण सागरगोटा हवेंत असतां खालचे कोणत्या हातानें, किती, कोणत्या क्रमानें उचलावयाचे तें कोणी लिहीत नाहीं. "मंगळागौरीला आतां बाहेरून मंडळ बोलावतात. तीं खेळतात, आम्ही खुर्चीवर बसून पाहतों." आजीबाई, आपलें म्हणणें अगदीं रास्त आहे. सागरगोटा हें गजग्याच्या काटेरी वेलीचें करड्या रंगाचें, गुळगुळीत बीं, एवढी माहिती पुस्तकांत मिळते. तळहातावरून मनगट फिरविण्याची रीत मिळत नाहीं. ती आपण नातींना शिकवावी, आणि एका नातीकडून ती पायरीपायरीनें लिहवून आमच्याकडे धाडावी. आम्ही छापूं.

आतां तें शेवटचें पत्र. ठाण्याच्या एका भगिनींनीं लिहिलेलें तें जवळजवळ संपूर्ण देतों.

"दोन वर्षांपूर्वीं आपल्या सदरांत गडकिल्ल्यांच्या वाटांवरील एका पुस्तकाची आपण स्तुति केली होती. तें मीं विकत घेतलें. यंदा चैत्रांत आम्ही अकरा जण निघालों. माझ्या धाकट्या जाऊबाईंचा तेरा वर्षांचा मुलगा बरोबर होता. त्यांची इच्छा नव्हती, मींच हट्टानें नेला. पुस्तकांत लिहिलें होतें, 'माथ्यावरील टाक्यांत बारमाही पाणी आहे.' म्हणून चढतांना भार नको असें म्हणून प्रत्येकीं एकच बाटली घेतली. माथ्यावर पोहोंचलों तेव्हां उन्हें चढलीं होतीं. एका टाक्यांत गाळ होता, दुसऱ्यांत हिरवें, वास येणारें पाणी बोटभर. उतरतांना मुलगा आधीं चिडचिड करूं लागला, मग बोलेनासा झाला, मग खालीं बसला. अंग तापलेलें. वाटेंतील धनगराच्या घरच्या माणसांनीं त्याला सावलींत घेतलें, ओल्या फडक्यानें अंग पुसलें, शुद्धीवर आहे असें पाहून घोटघोट पाणी पाजलें. मुलगा वांचला. घरीं जाऊबाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांचें तें न बोलणेंच मला अधिक लागलें. आपण एवढें सांगावें : त्या पुस्तकाची स्तुति करण्यापूर्वीं आपण त्या गडावर गेलां होतां काय?"

नाहीं. आम्ही गेलों नव्हतों. आम्हीं त्या पुस्तकाची भाषा पाहिली, नकाशे पाहिले, इतिहास ताडून पाहिला, आणि त्यावरून "प्रत्येक भटक्याच्या पाठीवरच्या पिशवींत असावें" असें लिहून गेलों. पुस्तक वाचनीय आहे एवढेंच म्हणण्याचा आम्हांस अधिकार होता. तें पिशवींत असावें हें म्हणण्याचा नव्हता. या भगिनींची, त्यांच्या जाऊबाईंची व त्या मुलाची आम्ही क्षमा मागतों. पुस्तकाचें व लेखकाचें नांव येथें देत नाहीं. या लेखांत दोष आमचा सांगावयाचा आहे, आणि त्या लेखकांस पाण्याची हकीकत आम्हीं स्वतंत्र कळविली आहे.

परंतु क्षमा मागून पुढच्या माणसास पाणी मिळत नाहीं. म्हणून चार शब्द कामाचे. सह्याद्रीच्या गडांवरील बहुतेक टाकीं कातळांत खोदलेलीं आहेत व पावसाच्या चार महिन्यांवर भरतात. ज्यांस आंतून झरा आहे अशीं थोडीं उन्हाळ्यांत टिकतात. इतर टाकीं गाळ भरला, कातळास भेग पडली, किंवा वापर वाढला कीं माघ-फाल्गुनांतच तळ दाखवितात. "बारमाही" हा शब्द एकदां मार्गशीर्षांत गड पाहिलेल्या माणसानेंही लिहिलेला असूं शकतो. तेव्हां वाटांचें पुस्तक हातीं घेतांच पाहावें कीं, लेखकानें तो गड कोणत्या सालीं व कोणत्या महिन्यांत पाहिला तें लिहिलें आहे काय. नसल्यास पाण्याविषयींचें वाक्य नाहींच असें समजून चालावें. पायथ्याच्या गांवांत विचारावें. तेथील माणूस आज सकाळचें सांगतो, पुस्तक फार तर मागच्या आवृत्तीचें. चैत्र-वैशाखांत पहाटे निघावें, उन्हें चढण्यापूर्वीं उतरावें, आणि पाणी पाठीवर घेऊनच जावें. भार झाला तरी चालेल.

दुसरी गोष्ट. गो. नी. दांडेकरांच्या दुर्गभ्रमणगाथेसारखें पुस्तक निघण्यापूर्वीं घरीं वाचावें; गड कां पाहावा हें तें शिकवितें. वाट कोणती धरावी हें सांगणारें पुस्तक निराळें, आणि त्याची परीक्षाही निराळी. पहिल्या प्रकारच्या पुस्तकाचे गुण पाहून दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकास आम्हीं प्रशस्तिपत्र दिलें, ही आमच्या चुकीची मुळी. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांचे बारा दुर्ग जागतिक वारशांत घेतले. त्यांतील अकरा महाराष्ट्रांत आहेत. गडांवर जाणारीं कुटुंबें आतां वाढतील आणि पुस्तकेंही वाढतील. म्हणून आमच्यापुरता नियम ठरला आहे : वाट दाखविणाऱ्या पुस्तकावर यापुढें अभिप्राय द्यावयाचा तो त्या वाटेनें जाऊन आलेल्या वाचकाच्या पत्रावरूनच, आणि तो कोणत्या महिन्यांत गेला होता तें छापून.

ठाण्याच्या भगिनींस एक विनंति. जाऊबाईंना हा अंक दाखवावा. मुलगा नेण्याचा हट्ट आपला होता, पण पाण्याचा भरंवसा आम्हीं दिला होता. दोषाचा तो वांटा आमच्या नांवावर लिहावा.

पुढील अंकासाठीं प्रश्न : आपल्या घरांतील कोणता खेळ असा आहे कीं, जो कोणत्याही पुस्तकांत सांपडत नाहीं? खेळण्याची रीत पायरीपायरीनें लिहून पाठवावी, आणि धाडण्यापूर्वीं घरांतील एखाद्या लहान मुलास ती वाचून खेळतां येते काय, तें पाहावें.