'ग्लिम्प्स' : ओझरत्या दर्शनाचे मोल

१/ मागच्या धाग्यात मी एक वाक्य लिहिले होते : 'हेन्री ऑक्झिंडेनने शिवराज्याभिषेक पाहिला.' त्याखाली एका वाचकाने विचारले, 'पाहिला म्हणजे नेमका किती पाहिला?' प्रश्न बिनतोड होता आणि माझे वाक्य सैल. उत्तर शोधताना मी एका साध्या इंग्रजी शब्दापाशी येऊन थांबलो : ग्लिम्प्स.

२/ हा शब्द अनेकदा 'ग्लान्स'च्या जागी वापरला जातो. ती चूक आहे. ग्लान्स म्हणजे आपण होऊन टाकलेली नजर. ग्लिम्प्स म्हणजे क्षणभर, अपुरे असे जे दिसून गेले ते. मराठीत हा भेद क्रियापदेच सांभाळतात : दृष्टिक्षेप आपण टाकतो, झलक आपल्याला मिळते. पहिल्यात पाहणारा कर्ता असतो, दुसऱ्यात तो केवळ लाभार्थी.

३/ शब्दाचे मूळही बोलके आहे. 'ग्लिमर', म्हणजे लुकलुकणे, या शब्दाचा तो नातलग. आरंभी त्याचा अर्थ प्रकाशाची क्षणिक तिरीप असा होता. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये तो चंद्रप्रकाशासाठी आला आहे. 'ओझरते दिसणे' हा अर्थ प्रकाशाकडून नजरेकडे सरकत आला. आपल्या 'झलक'चे नातेही 'झळकण्या'शीच आहे.

४/ आता रायगडावर येऊ. ऑक्झिंडेन हा मुंबईकर इंग्रजांचा वकील. तह करणे आणि राजापूरच्या वखारीच्या नुकसानीची भरपाई मागणे हे त्याचे काम. ६ जून १६७४ रोजी सकाळी तो दरबारात गेला, तेव्हा महाराज सिंहासनावर बसलेले होते. त्याने दुरून मुजरा केला. दुभाषा नारायण शेणवी याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी वर धरली.

५/ महाराजांनी त्यांना सिंहासनाजवळ बोलावले, वस्त्रे दिली आणि निरोप दिला. परत फिरता फिरता ऑक्झिंडेनची नजर सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना गेली. सोन्याचा मुलामा दिलेल्या भाल्यांवर राजचिन्हे होती : मोठ्या दातांच्या माशांची सोनेरी मस्तके, घोड्यांच्या शेपट्या आणि समतोल राहिलेला सोन्याचा तराजू. तराजू हे न्यायाचे चिन्ह, असे त्याने नोंदवले.

६/ वाड्याच्या दाराशी दोन लहान हत्ती आणि दोन देखणे घोडे उभे होते. इतक्या बिकट वाटेने ही जनावरे वर आणली कशी, याचे त्याला नवल वाटले. शिवछत्रपतींच्या दरबाराचे जे चित्र आज आपल्या मनात आहे, त्याचे कितीतरी रंग निघता निघता मिळालेल्या या झलकेतून आले आहेत.

७/ मग त्याला काय दिसले नाही? गागाभट्टांच्या देखरेखीखाली आधीचे कित्येक दिवस चाललेले धार्मिक विधी त्याच्या वाट्याला आले नाहीत. दरबाराची भाषा त्याच्यापर्यंत दुभाष्याच्या तोंडून पोहोचत होती. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला निश्चलपुरींनी तांत्रिक पद्धतीने दुसरा राज्याभिषेक केला, तेव्हा तो गडावर नव्हता.

८/ येथे माझे मत स्पष्ट सांगतो. समाजमाध्यमांवर अशा नोंदींशी दोन अन्याय होतात. एक पक्ष म्हणतो, 'प्रत्यक्षदर्शीने लिहिले आहे, विषय संपला.' दुसरा म्हणतो, 'परक्या व्यापाऱ्याला काय कळणार?' पहिला झलकेलाच संपूर्ण दर्शन समजतो. दुसरा अपुरे म्हणजे खोटे असे धरून चालतो.

९/ दोन्ही पक्षांना या शब्दाचा अर्थ उमगलेला नाही. ग्लिम्प्स अपुरा असतो, पण असत्य नसतो. तिरीप खोलीभर उजेड पाडत नाही. पण ती ज्या वस्तूवर पडते, ती वस्तू तेथे होती एवढे निश्चित करते. तराजू होता, हे ऑक्झिंडेन खात्रीने सांगू शकतो. तो तेथे ठेवण्यामागे कोणाचा विचार होता, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही.

१०/ जवाहरलाल नेहरूंनी १९३० ते १९३३ या काळात तुरुंगातून कन्या इंदिरेला लिहिलेल्या पत्रांचा ग्रंथ पुढे 'ग्लिम्प्सेस ऑफ वर्ल्ड हिस्टरी' या नावाने निघाला. विषय अवघ्या जगाचा, पाने हजारांच्या घरातली. तरीही नावात दावा केवळ झलकांचा. ही औपचारिक नम्रता नव्हे. इतिहास लिहिणाऱ्याने प्रारंभीच द्यावी अशी ती प्रामाणिक कबुली आहे.

११/ म्हणून मित्रहो, कोणतेही साधन हाती आले की तीन प्रश्न विचारा. लिहिणारा कुठे उभा होता? किती वेळ उभा होता? तेथून त्याला काय दिसणे शक्यच नव्हते? या प्रश्नांनी साधनाची किंमत कमी होत नाही, नेमकी होते. आणि वादात आवाज चढवण्याची गरजही बरीच कमी होते.

१२/ त्या वाचकाचे ऋण मानून माझे वाक्य दुरुस्त करतो : 'राज्याभिषेकाच्या दिवशी भरलेला दरबार हेन्री ऑक्झिंडेनला ओझरता दिसला, आणि जे दिसले ते त्याने लिहून ठेवले.' वाक्य लांबले खरे, पण आता त्यातल्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी मी घेऊ शकतो.